फटीतली पावली

दिवाडीच्या फेरीतून लाकडाचे नमुने आले,
वर्तमानपत्रात गुंडाळून, सुतळीने बांधून.
रुझार मेस्तांनी ते धरले होते
बाजारातला मासा धरतात तसे,
अंगापासून जरा लांब.

प्रेमानंदला खाली लाकूडच हवं होतं.
अठ्ठावीस वर्षं जहाजावर, पायांखाली लोखंड,
आणि सुट्टीत घरी आला की ही निळी-पांढरी लादी,
आषाढात घाम फुटलेली.
"म्हातारपणी तरी तळव्यांना काही ऊबदार असू दे."
इतक्या वर्षांत त्याचे तळवे
संभाषणात पहिल्यांदाच आले.

पणजीच्या दुकानातला मुलगा म्हणाला होता,
"सॉलिड म्हणजे सॉलिड, मॅडम. आतून बाहेरून एकच साग.
पाच वेळा तासा, नातवंडांपर्यंत जाईल.
इंजिनिअर्डला वर साग फक्त तीन मिलिमीटर,
खाली पातळ थर, एक उभा, एक आडवा, चिकटवलेले.
तो एकदाच तासता येतो. फार तर दोनदा.
आणि लक्षात ठेवा, लाकूड श्वास घेतं."

हे सांगितल्यावर मेस्त हसले.
"श्वास कसला, बाय! लाकूड पितं.
आणि आमच्याकडे चार महिने
त्याला कोणी पुरे म्हणत नाही."

त्यांनी भाव काढला नाही.
सागाच्या दोन पट्ट्या चौकटीत शेजारी-शेजारी बसवल्या,
मध्ये जेमतेम फट, आणि विचारलं,
"पावली आहे?"
चालायची बंद झालेली पावली
शिवणाच्या डब्यात सापडली.
फटीत ती सहज आत-बाहेर झाली,
बटण जुन्या काजात जातं तशी.
दुसऱ्या जोडीला दुसरी पावली.
"चवथीनंतर बघू," म्हणाले,
आणि चहा अर्धा टाकून फेरीकडे धावले.

मग मिठाचं एकच ढेकूळ झालं.
काडेपेटी नुसती खरवडत राहिली.
कपाटात चाळीसचा बल्ब रात्रंदिवस,
तरी जुन्या पासपोर्टावर हिरवी लव चढली,
सांतोस पुसट, डर्बन त्याहून पुसट.
भिंतीवरचं यंत्र त्र्याण्णव म्हणायचं
आणि पुढे काही म्हणायचं नाही.

श्रावणात मी पावली ओढून पाहिली.
साग मिटला होता.
नखं लावली, पक्कड लावली.
कड तेवढी दिसत राहिली, नव्या चंद्राएवढी.
शेजारच्या जोडीत पावली खुळखुळत होती.
मी ती चारदा काढली, चारदा घातली,
कारण नसताना.

चवथ झाली. मेस्त आले, वाकून बघितलं.
"एक थर फुगू बघतो, तर आडवा त्याला धरतो.
आडव्याला फुगायचं असतं, तर उभा.
भांडण रोजचं. पण पसरत कोणीच नाही."

नऊ महिने समुद्र, तीन महिने घर:
प्रेमानंदने मनात काहीतरी मांडलं.
मीही मांडलं.
उत्तर दोघांनीही वहीत ठेवलं.

"पण हा खरा आहे," तो म्हणाला,
सागावर हात ठेवून, मुलासारखा हट्टी.
"खरा आहे म्हणूनच," मेस्त म्हणाले,
"पुढच्या आषाढात तुमचं दार उघडणार नाही."

डिसेंबरात थरांची जमीन बसली.
भिंतीकडेने करंगळीएवढी जागा सोडून,
वर पट्टी मारून, कोणाला कळू नये अशी.
प्रेमानंद अनवाणी चालतो,
या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, आणि वळतो.
अजून तो खोलीत वळत नाही, डेकवर वळतो.

सागाची चौकट खिडकीत राहिली.
तिच्यावर रेडिओ ठेवला.

पौषात, घाटावरून कोरडा वारा सुटलेल्या रात्री
अंधारात टण्‌ झालं.
तो दचकून उठला. "कोण?"
"कोणी नाही," मी म्हटलं. "झोप.
सागाने चार आणे परत केले."