साधं की महागडं

शहाद्याच्या पंपावर हिलालदादा
नळी हातात धरून विचारतो, "कुठे?"
"तोरणमाळ."
"मंग साधंच भर. वर हवा पातय शे,
इंजिनले घाई नही."

चार महिने ठकठकतंय ते,
सपाटीवर, केळीच्या ट्रकमागे,
बेचाळीसच्या उन्हात.
मी महागडं भरत गेलो,
डॉक्टर बदलत जावेत तसं.

सातपायरीच्या तिसऱ्या वळणावर
ठोका थांबला.
दमही गेला म्हणा. दुसऱ्या गिअरात
एक बकरी आम्हाला मागे टाकून गेली,
वळून न बघता.

तलावाशी गाडी लावली.
टाकीवर हात ठेवला.
निम्मं साधं उरलंय आत,
आणि खाली
दाट हवेचं शहादं.
उतारावर इंजिन बंदच ठेवावं का,
हिलालदादाला विचारायचं राहिलं.