बर्फातला खळगा

आमच्या सॉनाच्या दाराबाहेर, उजव्या हाताला,
बर्फात माझा एक खळगा असायचा.
बाटलीच्या मापाचा.
एकवीस हिवाळे मी तो कोरला.
नवऱ्याला वाटायचं, कुत्रं उकरतं.
सकाळी पाहावं तर बुजलेला असायचा,
आणि मी रात्रीच्या बर्फाला शिव्या देत
पुन्हा बोटं घालायची.

आज सॉना दुसरी, तळं दुसरं,
कुओपिओच्या उत्तरेला, व्यसनमुक्ती केंद्राच्या आवारातलं.
हाताला हे कुणी सांगितलेलं नाही.
तो दाराच्या उजवीकडे गेला, कोपरापर्यंत आत.
बर्फाखाली बर्फच निघाला.

"काय शोधतेस?" तूलिक्कीनं विचारलं.
"काही नाही."
"मग मिळालं असेल. दार लाव, ऊब जाते."

आत आम्ही चौघी, फळ्यांवर उतरंडीसारख्या.
सगळ्यात वर राइली, तिला धग कितीही पुरत नाही.
सगळ्यात खाली इन्केरी, तेवीस वर्षांची,
गुडघे छातीशी, टॉवेल अजून घट्ट धरलेला.
ती गोळ्यांची, आम्ही बाकीच्या बाटलीच्या.
इथं कुणी कुणाची जात विचारत नाही,
पहिल्याच जेवणाला कळते ती.

तूलिक्कीनं दगडांवर पळीभर पाणी टाकलं.
चर्र झालं. मग कुणाचंच तोंड दिसेना,
आणि सगळ्यांना थोडं बरं वाटलं.

"पाठ कर इकडे," ती मला म्हणाली.
एकसष्ट दिवस मी सांगितलेलं सगळं केलं होतं.
वेळेवर जेवले, सह्या केल्या,
डॉक्टरसमोर रडायचं तिथं रडले.
पण पाठ?
पाठ दाखवून पळणं मला येतं,
पाठ पुढं करून बसणं नाही.

तिनं वाट पाहिली नाही.
चाळीस वर्षं गावोगाव टपाल वाटलेले हात,
बोटांना कागदाचे बारीक काप,
बर्चच्या पानांची जुडी, जूनमध्ये बांधून
फ्रीजरमध्ये जपलेली.
माझ्या फ्रीजरमध्ये जून कधी टिकला नाही.
तिथं जागा नसायची.

"माझ्या आईनं मला अशाच फळीवर जन्म दिला," ती म्हणाली,
"आणि तिला शेवटचं न्हाऊ घातलं तेही तिथंच."
"मग मी यातली कोण?"
"मान खाली घाल. साबण डोळ्यांत जाईल."

मान खाली घातली, आणि फळीखाली दिसले
इन्केरीचे लोकरी हातमोजे,
ओले, वळत टाकलेले.

पिल्वीचे असेच असायचे.
सहा वर्षांची होती. स्टोव्हवरच्या दोरीवर
रोज सकाळी ओलेच.
मी ओरडायचे, किती भिजवतेस गं.
ज्या रात्री बर्फ पडलेलाच नसायचा
त्या सकाळीसुद्धा ते ओले असायचे.
त्या सकाळीसुद्धा खळगा बुजलेला असायचा.

पळी खाली पडली असावी. कुणीतरी उचलली.
तूलिक्कीचा हात थांबला नाही,
मणक्यावरून खाली, पुन्हा वर,
जसं आपण भांडं घासतो,
आत काय शिजलं होतं ते न विचारता.

पिल्वी आता वीस वर्षांची आहे. फोन उचलत नाही.
उचलू नये, असंही मला वाटतं कधी कधी.
परवा हात धुताना आरशात पाहिलं
आणि कोपरांना मलम लावलं.
एवढंच. पण दोन्ही कोपरांना.

"माझी पण," खालून आवाज आला.
इन्केरीनं टॉवेल सोडला होता.
खांद्याखाली जुने डाग, इतके की
कुठून सुरू करावं कळेना.
माझे हात अजून थरथरतात,
चमचाभर सूप सांडतं अजून.

कोमट पाण्याची बादली ओढली.
"फार गरम नाही ना?"
असं मी कुणाला शेवटचं विचारलं होतं, आठवत नाही.

तिनं मान हलवली.
हो म्हणाली की नाही,
ते वाफेत दिसलं नाही.
मी पाणी आधी स्वतःच्या मनगटावर घेतलं.