कातडी वॉशर

आले तेव्हा माझ्याकडे दोन पाने होते, एक साखळी,
पाइप धरायचा शिकंजा,
आणि जालन्याच्या मंडळीनं निरोप देताना दिलेली वही :
साक्षी लिहून पाठव, बाई.

गुलूच्या उत्तरेला, लाल धुळीच्या रस्त्यावर
चौदा पंप.
वहीत मी चौदा ओळी आखल्या,
प्रत्येकीपुढे एक चौकट,
बरोबरच्या खुणेसाठी.

नववा पंप लामुनूच्या राखणीत.
कुंपणाच्या किल्लीला तिनं शर्टाचं एक बटण ओवलेलं.
कुणाचं, ते मी विचारलं नाही.
भाषा येत नाही म्हणून, असं तेव्हा वाटलं.

पहिल्या दिवशी मी सरळ दांड्याला हात घातला.
तिनं मनगट धरून मला सावलीत नेलं
आणि विचारलं, झोप कशी झाली?
घरचे कसे आहेत? शेळ्या?
म्हटलं, शेळ्या नाहीत.
ती गप्प झाली.
मग हळूच, काळजीनं : का नाहीत?
अर्धा तास गेला.
वहीत लिहिलं, इथं वेळेला किंमत नाही.
ते पान उघडलं की अजून कान तापतात.

नवव्या चौकटीत खूण केली
त्याच्या तिसऱ्या दिवशी पंप कोरडा पडला.
दांडा वर, दांडा खाली,
तोटीतून नुसता दमेकऱ्याचा श्वास.
चूक माझीच. घाईत वॉशर तसाच बसवला होता.
कातडं ते, रात्रभर तेलात भिजवायचं असतं,
कोरडं कातडं पाणी धरत नाही.
सातवीत असताना दादांनी शिकवलं होतं,
त्यांच्या पंपाच्या चौथऱ्यावर.

त्या रात्री प्रार्थनेला बसले.
शब्द येत होते.
कधीपासून नुसते शब्दच येत होते, कोण जाणे.
दर रविवारी उभी राहून साक्ष देत होते मी,
आणि आत दांडा
वर, खाली.

सकाळी बायका पिवळे कॅन घेऊन
जुन्या वाटेनं ओढ्याकडे गेल्या.
कुणी बोललं नाही. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.
मी झोपडीत, भिंतीकडे तोंड करून.
लामुनू आली. तुंब्यात ओढ्याचं गढूळ पाणी.
आधी स्वतः प्याली, मग पुढे धरलं.
क्लोरीनच्या गोळ्या माझ्या खिशातच होत्या.

विहिरीच्या काठावरची ती गोष्ट
मी शंभरदा शिकवली असेल रविवारच्या शाळेत,
आणि दरवेळी स्वतःला
पाणी देणाऱ्याच्या बाजूला उभं केलं.
त्यानं आधी मागितलं होतं, एका परक्या बाईकडे,
भर उन्हात, दमून,
हे कसं निसटलं?

प्याले.
दोन दिवस पोट बिघडलं, त्याबद्दल तक्रार नाही.

ती म्हणाली, तुझ्या भाषेत प्रार्थना कर.
लहानपणी पाठ झालेली म्हणायला लागले,
भाकरीपाशी आले आणि गळा दाटला.
तिला वाटलं संपली. म्हणाली, आमेन.
कदाचित तिथंच संपत असेल.

वॉशर तिच्या शी-तुपात भिजत ठेवला.
रात्रभर आम्ही वाटीजवळ बसलो.
अंबाडीसारखी आंबट भाजी, तिळाचं वाटण,
आजोळचीच चव, पण मीठ विसरलेली.
मग तिनं किल्ली पुढे केली.
मुलगा. रात्र. शाळा. बंदुका.
एवढे शब्द मला तोवर येत होते.
त्याहून जास्त ती बोललीही नाही.
पहाटे म्हणाली, देव जागा असतो ना,
मग त्याला एकटं कशाला ठेवायचं?
बहुतेक असंच म्हणाली. माझं व्याकरण कच्चं आहे.

त्या दिवसापासून मी आयो.
वाटेवर जन्मलेल्या मुलीचं नाव हे, तिकडे.

मंडळीला काय लिहू?
नवव्या ओळीतली खूण खोडली आहे.
तिथं एवढंच लिहिलंय :
शेळी घेतली. तपकिरी, एका कानानं फाटकी.
पंप चालतो.
लामुनू रोज आधी तिची विचारपूस करते,
मग माझी.