पाचही आले

महालक्ष्मीला, टोटच्या सतरा नंबरच्या खिडकीत
मी सीझनभर दर रविवारी बसतो.
आठवडाभर बँकेत, रविवारी इथे.
दोन्हीकडे पैसे लोकांचे, बोटं माझी.
खिडकी बुटकी, चेहरे क्वचितच दिसतात;
माणसं मी मनगटांवरून ओळखतो.

'विन'वाले घाईत असतात.
नोट सरकवतात, नंबर फेकतात,
दीड मिनिटात त्यांचं जे व्हायचं ते होऊन जातं.
जॅकपॉटवाला येतो तो मात्र
मुहूर्त काढून आल्यासारखा.

अनंत चुरी. भायखळ्याला शर्टांच्या कारखान्यात कटर.
नखांत निळा खडू,
चोपडीची पानं हाताळून फडक्यासारखी मऊ.
"पहिल्या लेगला दोन, दुसऱ्याला एकच,
तिसऱ्याला चार, मग तीन, शेवटी दोन.
अठ्ठेचाळीस झाली. दहाच्या हिशेबाने चारशेऐंशी."
माझ्या यंत्राच्या आधी त्याचा गुणाकार होतो.
कापडही असंच बेततात, म्हणाला एकदा,
पन्हा तोकडा, बाह्या लांब,
चिंधी जितकी कमी, तितका कटर मोठा.

विन का नाही लावत, मी विचारलं होतं.
"घोडा जिंकला तर घोडा जिंकला.
त्यात माझं काय?"

पहिला लेग तीनला, पाचवा पाचला.
तेवढे दोन तास
कारखान्याचा शेठ, थकलेलं भाडं, डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू,
कुणीही त्याला हाक मारू शकत नाही.
"अजून चालू आहे," एवढंच सांगतो
चहावाल्याला, खांबाला, मला.

आणि माघातल्या एका रविवारी
पाचही आले.
पाचव्याला फोटो लागला.
मैदान असं गप्प, की घोड्यांचं फुरफुरणं ऐकू यावं.
नाकभर फरक,
आणि नाक चुरीचं.

मग बोर्डावर डिव्हिडंड चढला:
एकशे शहाऐंशी.

तो खिडकीशी आला आणि पहिल्यांदाच
खाली वाकून माझा चेहरा पाहिला.
"एक शून्य राहिलं का हो?"
नाही, म्हटलं. पाचही फेव्हरिट होते.
सत्तावीसशे तिकिटं लागलीत.
तो बराच वेळ वाकलेलाच राहिला.
"म्हणजे सगळ्यांनाच ठाऊक होतं."

मागची रांग कुरकुरायला लागली.
"टनाला दे. सहा, दोन, नऊ,
उलटसुलट सगळे. तीसच्या हिशेबाने."
एकशे ऐंशी झाले. वरचे सहा रुपये
त्याने उचललेच नाहीत.
नऊ नंबर चौथा आला.

रात्री रोकड जुळवताना माझ्या मनात आलं,
माझेही आलेच की सगळे.
बँकेत चिकटलो. पत्रिका जुळली, माणूसही जुळलं.
थोरला पास, धाकटी पास.
दहिसरच्या घराचा हप्ता संपला.
एकही लेग पडला नाही,
लोक म्हणतात, नशीब काढलंस.
आणि घेताना हातात
एकशे शहाऐंशी.
माझ्यासारखी किती तिकिटं लागली होती
ते कुठल्याच बोर्डावर लिहीत नाहीत.

पुढच्या रविवारी चुरी हजर.
तिसऱ्या लेगला या वेळी एकच, अकरा नंबर:
पाच वर्षांची घोडी, जन्मात जिंकलेली नाही,
मागच्या वेळी तर गेटातून निघायलाच तयार नव्हती.
"हिच्यावर कोणी नाही ना?"
मला कसं कळणार, माझ्यासमोर फक्त बटणं.
"कोणी नाही," मी म्हणालो.

तिकीट बाहेर आलं.
त्याची शाई कधीच ओली नसते,
तरी चुरीने त्यावर हलकेच
फुंकर घातली.