सातत्याची वही

ऑस्बर्ट हेथर्ली. अकरा दिवसांत एक चित्रपट.
बोरहॅमवुडच्या शेडवर पाऊस ताशा वाजवायला लागला
की शूटिंग थांबायचं,
आणि तो वर पत्र्याकडे बघून विचारायचा,
"ह्याला मानधन कोण देतंय?"

माझं काम लिहायचं.
सिगारेट कोणत्या हातात, किती जळलेली,
कोटाचं दुसरं बटण लावलेलं की उघडं,
पाणी आधी कोणत्या डोळ्यातून आलं.
त्याच्या खुर्चीच्या डावीकडे, स्टुलावर,
सव्वीस वर्षं.
गळ्यात स्टॉपवॉच, गुडघ्यावर वही.

समीक्षक म्हणत, पाट्या टाकतो.
टाकत होताच.
खुनाच्या, मृत्युपत्राच्या, जुळ्या भावांच्या पाट्या.
त्यांच्यावर चाळीस घरांत कोळसा यायचा,
माझ्याही.

युद्धात सरकारनं त्याला बटाटे दिले.
सात मिनिटं: साल न काढता कसे उकडावेत.
क्रॉयडनच्या मिसेस टिबल्स, नटी नव्हेत,
मधेच हात थांबवून वर बघत राहिल्या.
बाहेर विमान. ते पटकथेत नव्हतं.
मी पेन्सिल उचलली.
"राहू दे," तो म्हणाला.
माहिती खात्यानं नाही राहू दिलं.

आणि मग एक्कावन्नचा तो एकच.
ग्रिम्झबीचा धक्का, न परतलेला ट्रॉलर,
नट मोजून तीन.
बाकी तिथल्याच बायका, बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या,
कॅमेऱ्याकडे न बघता मासे चिरणाऱ्या.
न बघायला त्यांना कुणी शिकवलं नव्हतं,
वेळच नव्हता.

तिथं मी चुकले.
एडना स्कार्थ दारात उभी, डोक्याला रुमाल.
आत वळते, रुमाल नाही.
रात्री त्याच्या खोलीवर गेले, वही पुढे धरली,
घशात आवंढा.
तो बूट काढत होता.
"मधे किती वर्षं गेली असतील," म्हणाला,
"तुला काय ठाऊक?"

तीन आठवडे चालला. बॅलमला दोनच.

नंतर रंग आले. टीव्ही आला.
नंतर साबणाची पावडर: पुन्हा बाईचे हात,
पण तीस सेकंद, आणि थांबायचं नाही.
तेही तो नीट करायचा.
फेसासाठी अंड्याचा पांढरा बलक, हे त्यानंच शोधलं.

बेक्सहिलच्या गॅरेजात, गवत कापायच्या यंत्रामागे,
ग्रिम्झबीचे नऊ डबे.
एकाचं झाकण स्क्रू-ड्रायव्हरनं उचकटलं,
तर शुक्रवारच्या चिप्सच्या दुकानासारखा व्हिनेगरचा भपका.
आत रीळ आक्रसून एकजीव.
एडना, दार, रुमाल
आता वेगळे करता येत नाहीत.

त्याला पेटीत ठेवलं तेव्हा
कोटाचं दुसरं बटण लावलेलं होतं.
तो ते कधीच लावत नसे.
भाची म्हणाली, किती शांत दिसतात.
मी हो म्हटलं.
वही आणली नव्हती.