नवीन ग्राहक

सावद्याच्या भंगाळे किराण्यात
दारावर कॅमेरा बसला, तेव्हा
बाया पदर ओढून शिरायच्या.
आता चव्वेचाळीस अंशांच्या उन्हातून आलेले सगळे
तोंडाचा रुमाल उंबऱ्यावरच सोडतात,
हनुवटी जरा वर.

पडदा म्हणतो, "या यमुनाबाई,
कळण्याचं पीठ संपलं असेल."
तिला बरं वाटतं.
घरात कोण विचारतं एवढं?

परवा नथू झोपे आला
नवी कवळी बसवून.
यंत्र घुटमळलं.
"नवीन ग्राहक. स्वागत आहे."
नथू हसला, सगळे दात दाखवून.
उधारीच्या रकान्यात
शून्य.

आतल्या खाटेवर
मोतीबिंदूवाले म्हातारे शेठ.
त्यांनी नुसता खोकला ऐकला.
"नथू,
पोयाचं तेल बाकी हाये ना रे?"