बावीस मीटर कुंती

रविनगर, टाइप तीन, क्वार्टर चौऱ्याऐंशी.
फाटकापासून पाण्याच्या टाकीपर्यंत
कुंतीची एकच ओळ, कमरेइतकी.
एकोणीस वर्षं कमरेइतकीच.

एक सोमवार सोडून एक सोमवार उईके यायचे.
सायकलच्या दांड्याला सुतळीनं बांधलेली कात्री,
खिशात दोरी, दोन खुंट्या.
दोरी ताणायची, एक डोळा मिटायचा,
मग कच् कच्, कच् कच्,
आत मी त्याच ठेक्यात डबा भरायची.

मे महिन्यात सेहेचाळीस.
कूलरची ताटी पाणी पिऊन पिऊन कोरडी,
लॉनचा पापड.
ही मात्र हिरवी.
हिरवी आहे म्हणजे ठीक आहे,
असा शेरा मारून
मी ती नोंद कधीच बंद केली होती.

एकदाच विचारलं,
उईके, हिला काही येत नाही का? फूल, फळ?
‘येते नं मॅडम. येऊ देलं तं येते.’
एक पान चुरून पुढे केलं.
‘वास घ्या. संत्र्याच्या खानदानातली हाये हे.’
घेतला. खरंच होतं.
मग मी ऑफिसला गेले,
महालेखाकार, दुसरा मजला,
दुसऱ्यांच्या खर्चावर आक्षेप काढायला.

जूनमध्ये उईके निवृत्त झाले.
मला कळायला तीन सोमवार लागले.
नवा ठेका कुठल्याशा एजन्सीला,
एजन्सीची फाइल कुठल्याशा टेबलावर
(आमच्याच असेल).
कुंती कमरेवरून खांद्याला आली.
ऑगस्टात एका रात्री लाइट गेली, दार उघडलं,
आणि अंधारभर असा वास
की शेजारच्या ढोबळेबाईंना हाक मारून विचारलं,
आज तुमच्याकडे काही आहे का?
सकाळी पायरीवर पांढरा सडा.
मी तो झाडून टाकला. सवयीनं.

आता जानेवारी, आणि फळं.
हरभऱ्याहून जरा मोठी, टोकाशी निमुळती,
जुन्या सीलबंद लिफाफ्यावरच्या
लाखेसारखी लाल.
उघडणाऱ्यांत पहिले बुलबुल.
मी चहा घेऊन उभी, चहा थंड.
एकोणीस वर्षं आतमध्ये हे होतं,
आणि दर पंधरा दिवसांनी
आपण ते सरळ रेषेत कापत होतो.

एकतीसला क्वार्टर सोडायचं.
तीसला एजन्सीचा पोरगा आला, पेट्रोलचं मशीन घेऊन.
म्हटलं, राहू दे.
‘वर्क ऑर्डर हाये मॅडम.’
दाखव.
मी वाचली, जशी तीस वर्षं वाचत आले,
बोट ठेवून, ओळ न् ओळ.
हेज कटिंग, वीस मीटर.
घरातून टेप आणली, त्याला एक टोक धरायला लावलं.
बावीस भरली.
‘दोन मीटर जास्तीचं कापलंस तर बिल अडकेल बाबा.’
तो घाबरला. मला थोडी लाज वाटली,
थोडीच.

वीस मीटर वीस मिनिटांत गेली.
लाल ढिगारा, रस्त्यापर्यंत दाणे.
टाकीजवळ दोन मीटर उभी राहिली,
वेडीवाकडी, खांद्याइतकी.
संध्याकाळी बुलबुल तिथे भांडत होते.

उईकेंना सांगावंसं वाटलं.
त्यांचा नंबर माझ्याकडे नाही.
पूर्ण नावही नाही.

ढिगाऱ्यातली मूठभर फळं श्रीखंडाच्या डब्यात पिळून घेतली.
प्रत्येकात एक बी, कुठे दोन, भोवती बुळबुळीत गर.
बेशाच्या फ्लॅटला चौथ्या मजल्यावर गॅलरी आहे,
ऊन येतं म्हणतात.

किल्ली दिली. रजिस्टर पुढे आलं.
सही करताना कागद बोटाला चिकटला.
क्लार्कनं वर पाहिलं,
म्हणाला, संत्रं खाल्लं का मॅडम?